पहिल्या कार्डाचे चार रकाने

अंजना खरात सांगलीच्या कचेरीत रुजू झाली तेव्हा आजूबाजूच्या कचेऱ्यांतले कारकून काही ना काही निमित्त काढून तिला बघून गेले. दिसायला ती चारचौघींसारखीच होती, पण कॉम्प्युटर शिकून आलेली बाई म्हणजे त्या काळी सांगलीत बघण्यासारखंच प्रकरण होतं. त्या यंत्राला डोळे असतात का, असं कुणी विचारायचं. त्याला मराठी कळतं का, असं आणखी कुणी. अंजना म्हणायची, त्याला कळत काहीच नाही, फक्त सांगितलेलं तंतोतंत ऐकतं. असा जावई कुठं मिळेल, असं त्यावर एका पोक्त हेडक्लार्कनं विचारलं आणि सगळी कचेरी हसली. अंजनाही हसली. हे तंतोतंत ऐकणंच पुढं आपल्या मुळावर उठणार आहे, याची तिला तेव्हा कल्पना नव्हती.

ती मूळची हिंगणवाडीची. वडूजच्या पलीकडं, माळाच्या कुशीतलं गाव. पाऊस झाला तर ज्वारी, नाही तर जनावरांना कडबासुद्धा नाही. वडील नाथाजी महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून घरी आलेले. धम्म घेतलेल्या पहिल्या घरांपैकी त्यांचं घर. पोरीला एवढं शिकवून काय करणार, असं विचारणाऱ्यांना ते एकच उत्तर देत: "शिकवून बगतो. न शिकवून काय हुतंय ते लय बगितलंय." त्या उत्तराच्या जोरावर अंजना साताऱ्याला शिकली, कोल्हापूरला संख्याशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाली आणि पुण्याला जाऊन कॉम्प्युटरला हुकूम कसे द्यायचे तेही शिकून आली.

बाहत्तरच्या दुष्काळात ती कोल्हापूरहून घरी आली होती, तेव्हाची एक गोष्ट तिच्या डोळ्यांसमोरून कधी हलली नाही. वस्तीची विहीर गावाच्या विहिरीपासून वेगळी. आज्या-पणज्यांनी स्वतःच्या हातांनी खणलेली. त्या उन्हाळ्यात तिच्या तळाला नुसता चिखल राहिला होता, आणि अंजनाची आई लीलाबाई दोराला धरून खाली उतरायची, तळाशी बसून राहायची आणि झिरपलेलं पाणी करवंटीनं घागरीत भरायची. घागर भरायला अर्धी सकाळ जायची. वरून अंजना हाक मारायची, आणि आई खालून म्हणायची, "भरतीया. झरा हाय, पण खाली हाय." खाली खडक होता. खडक फोडला तर पाणी लागणार, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण सुरुंग लावून देणार कोण?

दुष्काळ सरला आणि विहिरींची पाहणी करायचं ठरलं. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांतल्या गावोगाव माणसं गेली, विहिरीत दोर सोडले, पाणी मोजलं. त्या मोजमापावरून ठरायचं होतं, कुठल्या विहिरी आधी खोल करायच्या. हे सगळे आकडे कार्डांवर भोकं पाडून पुण्याच्या कॉम्प्युटरला द्यायचे, आणि निकडीच्या विहिरी त्यानं वर काढून द्यायच्या, असा बेत. दोन्ही जिल्ह्यांचं कॉम्प्युटरचं काम सांगलीच्या कचेरीकडं आलं, आणि तिथं ते अंजनाचं. नोकरी लागली तेव्हा तिनं आईला पत्रात लिहिलं होतं, तुझी विहीर आता माझ्या हातात आहे.

पण श्रीगणेशालाच माशी शिंकली ती सातारा-सांगलीच्या भाऊबंदकीमुळं. हे दोन जिल्हे म्हणजे एका घरचे वाटून निघालेले भाऊ. सांगलीला जुनी माणसं तेव्हाही दक्षिण सातारा म्हणायची. वाटण्या झालेल्या भावांचं जे होतं तेच यांचं. साताऱ्यानं पाहणीचा आपला तक्ता केला, सांगलीनं आपला. साताऱ्याच्या कार्डावर आधी गावाचा क्रमांक, मग गावाच्या विहिरीचं पाणी, आणि शेवटाला वस्तीच्या विहिरीचं पाणी. हा तक्ता ज्यानं केला त्याचं भलं होवो. त्यानं गावं पायी फिरून पाहिलेली असणार. सांगलीच्या कार्डावर आधी तालुका, मग एकाच विहिरीचं पाणी, पण तीन वेगवेगळ्या हंगामांतलं. जतसारख्या भागात एकाच मोजणीवर भरवसा ठेवला तर फसगत होते, म्हणून. दोन्ही तक्ते आपापल्या जागी शहाणे होते. एकमेकांशी बोलत नव्हते, इतकंच.

सांगलीची कार्डं पाडायच्या खोलीवर लालासाहेब पाटलांचं राज्य होतं. पलूसकडच्या ऊसवाल्या घरातला हा गडी. घरी ऊस सोडून पलटणीत कारकुनी करून आलेला, मिशी आणि शिस्त दोन्ही अजून लष्करी. कार्डावरची भोकं तो नुसत्या नजरेनं वाचायचा, जशी आपण पाटी वाचतो. त्याचा एक नेम होता. कागद असो, वही असो, पोस्टकार्ड असो, वर 'श्री' लिहिल्याशिवाय हात पुढं सरकायचा नाही. तेव्हा कार्डांच्या प्रत्येक गठ्ठ्याच्या तोंडाशी त्यानं एक कोरं कार्ड घेऊन, इंग्रजी अक्षरांत का होईना, SHRI एवढीच भोकं पाडून ठेवली. शुभकार्याला आरंभ करताना परवानगी कुणाची घ्यायची? त्यानं कुणाला विचारलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही.

अंजना एस.टी.नं पुण्याला गेली ती कार्डांच्या पेट्या मांडीवर घेऊन. तिथल्या कॉम्प्युटर केंद्रात बाहेर चपला काढून आत जायचं, आणि आत भर मार्चमध्ये हुडहुडी भरेल इतका गारवा. तिनं कार्डं दिली. यंत्रानं पहिलं कार्ड खाल्लं आणि ठप्प झालं. आकड्याच्या जागी अक्षर आलं होतं. ऑपरेटरनं ते कार्ड उपसून हातात घेतलं, वाचलं, आणि तो इतका हसला की शेजारच्या खोलीतले दोघे बघायला आले. अंजनाचे कान तापले. तिनं एकेका गठ्ठ्यावरचं श्रीचं कार्ड काढलं, दोऱ्यानं वेगळं बांधून पेटीच्या तळाशी ठेवलं आणि पुन्हा सुरुवात केली.

या वेळी यंत्र अडलं नाही. अडलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला थोड्या वेळानं वाटलं. तिनं आपल्या हुकमांत सांगलीच्या कार्डांची मांडणी सांगितली होती, आणि साताऱ्याचीही तशीच असेल असं गृहीत धरलं होतं. सांगली सरळ वाचून निघाली. मग त्याच मापानं यंत्रानं साताराही वाचला. गावाच्या क्रमांकाला तालुका समजलं, पाण्याच्या आकड्याचे दोन तुकडे केले, आणि वस्तीच्या विहिरीच्या रकान्यांकडं तर ढुंकूनही पाहिलं नाही. छापून आलेल्या कागदाप्रमाणं महाबळेश्वरला पाण्याचा थेंब नव्हता, तातडीनं टँकर लावायला हवे होते, आणि वडूजच्या विहिरी काठोकाठ भरून वाहत होत्या. महाबळेश्वरच्या पावसात ज्याची छत्री एकदा उलटली आहे, तो हे वाचून आयुष्यभर हसला असता. अंजनाला हसू आलं नाही. हिंगणवाडीपुढं पाणी मुबलक असं छापलं होतं, आणि कागदावरचं मुबलक पाणी तिच्या आईच्या घागरीत पडणार नव्हतं.

सांगलीला परतल्यावर आप्पासोंनी, म्हणजे कचेरीच्या मुख्य साहेबांनी, कागद पाहिला आणि डोक्याला हात लावला. माणूस वाईट नव्हता. पण विहिरींची समिती बसायची तारीख ठरलेली, त्याआधी पुण्याच्या यंत्रावर आणखी एकच पाळी मिळणार, आणि ती चुकली तर यंदाच्या उन्हाळ्यात एकही सुरुंग लागणार नाही, हे सगळं त्यांच्याच मानेवर. त्यांनी एक घाव दोन तुकडे केले. साताऱ्याची सगळी कार्डं सांगलीच्या मांडणीत नव्यानं पाडायची. आणि सांगलीच्या कार्डात विहिरीला जागा एकच, तेव्हा गावाला एक विहीर धरायची. गावची.

अंजनानं विचारलं, वस्तीच्या विहिरींचं काय. आप्पासो म्हणाले, पुढच्या पाहणीत बघू. ती जागची हलली नाही. साहेबासमोर कचेरीतली भाषा बोलायची तिला सवय होती, ती त्या क्षणी कुठं गेली कोण जाणे.

"साहेब, त्या विहिरीत माझी आई उतरती," ती म्हणाली. "ती गाळायची असंल तर माझ्या हातानं गाळणार न्हाई."

आप्पासोंनी छापलेला कागद घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, दुसरा मार्ग असेल तर सांग, मी ऐकतो; पण पाळी जवळ आली आहे, आणि तोवर मार्ग निघाला नाही तर मला माझ्या मार्गानं जावं लागेल.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास म्हणतात तसं झालं. ती पंचिंगच्या खोलीत आली तर लालासाहेब पाठमोरा बसलेला. चहा आला, त्यानं आपला कप परत पाठवला. दुसऱ्या दिवशीही तेच. अंजनाला आधी काही कळेना. मग तिला टेबलावर दोऱ्यात बांधलेली कार्डं दिसली. पेटी रिकामी करताना लालासाहेबाला ती तळाशी सापडली होती. सगळी श्रीची कार्डं, एकही न वगळता बाजूला काढलेली. तो काय समजला असेल हे तिला सांगावं लागलं नाही. बौद्धाच्या पोरीनं आपला श्री काढून तळाला घातला, असंच तो समजला होता.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. यंत्र कसं थांबलं, ऑपरेटर कसा हसला, दोघंजण बघायला कसे आले. "दादा, मी ती टाकली न्हाईत. बांधून आणली," ती म्हणाली. "तुमच्या श्रीवर माझा राग न्हाई. त्या यंत्राला एवढंच ठावं की कार्डावर आकडा असतो. अक्षर दिसलं की ते आडतंय."

लालासाहेब गुरगुरला. माणूस हसला हे ऐकून त्याचा राग अर्धा पुण्याकडं वळला होता, पण उरलेला अर्धा अजून खोलीत होता.

"मग सांगायचं न्हाई का त्याला, पैलं कार्ड आकड्याचं नसतंय म्हून," तो म्हणाला. "तुझा बा हवालदार हुता न्हवं? पलटण आली की पैला कोण यतो? हवालदार. त्यो सांगतो, ही अमुक कंपनी, हितं एवढी माणसं, अशी रांग. मग मागनं माणसं. हवालदाराला कुनी रांगंत मोजतंय व्हय?"

अंजना त्याच्याकडं नुसती बघत राहिली. इतकी, की लालासाहेबाला वाटलं आपण जरा जास्तच बोललो.

पहिलं कार्ड आकड्यांचं नसतं. ते अक्षरांचं म्हणून वाचायला सांगता येतं, हे तिला पुण्यातच शिकवलेलं होतं. आणि हवालदार जे सांगतो तेच त्या कार्डावर लिहिलं तर? माझ्या मागची कार्डं अशी आहेत, गावाचा क्रमांक या रकान्यात, पाणी त्या रकान्यात. यंत्रानं आधी ते वाचायचं, ध्यानात धरायचं आणि त्याच मापानं पुढचा गठ्ठा वाचायचा. सांगलीच्या तोंडाशी सांगलीचा हवालदार, साताऱ्याच्या तोंडाशी साताऱ्याचा. मग कुणाला कुणासारखं व्हायची गरजच काय? एकही कार्ड नव्यानं पाडायला नको, एकही विहीर गाळायला नको. भावांनी एका ताटात जेवलंच पाहिजे असं थोडंच आहे. पंगत एक असली म्हणजे झालं.

तिनं ते लालासाहेबाला समजावून सांगितलं, दोनदा. त्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पहिल्या कार्डाला नोकरी लागली एवढं कळलं आणि मिशी हलली.

"आणि श्री?" त्यानं विचारलं.

कार्डाला ऐंशी रकाने. मांडणी सांगायला त्यातले अर्धेही पुरे. अंजना म्हणाली, "पहिले चार रकाने तुमचे, दादा. ते वाचून सोडून द्यायला सांगते त्याला. पाचव्यापासून माझं."

त्या दिवशी लालासाहेबानं चहा घेतला, आणि तिचाही त्यानंच मागवला.

हुकूम नव्यानं लिहिले, पण ते बरोबर आहेत की नाही हे तपासायला सांगलीत यंत्र कुठं होतं? अंजनानं लालासाहेबालाच यंत्र केलं. त्याला खुर्चीवर बसवलं, पुढ्यात कार्डं ठेवली आणि बजावलं, पहिल्या कार्डात सांगितलं आहे तेवढंच वाचायचं, आपली अक्कल चालवायची नाही. यंत्र होणं सोपं नसतं, हे त्या दुपारी लालासाहेबाला कळलं. जतकडचं एक कार्ड वाचताना तो थबकला आणि म्हणाला, हे त्याच्या मावशीचं सासर, तिथं मेंढरांनासुद्धा पाणी विकत आणतात, तेव्हा हा आकडा जास्त वाटतो. अंजनानं टेबलावर टिचकी मारली. यंत्राला मावशी नसते. तो पुन्हा मान खाली घालून वाचायला लागला. संध्याकाळपर्यंत त्यानं दोन्ही गठ्ठ्यांतली मूठ मूठ कार्डं दोन वेगळ्या मापांनी वाचली, आणि दोन्ही वेळा पाण्याचा आकडा पाण्याच्याच जागी आला. आप्पासो दारात उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, हे पुण्याचं यंत्र ऐकेल का. अंजना म्हणाली, ते लालासाहेबांपेक्षा जास्त ऐकतं.

एक अडचण अजून होती. महाबळेश्वरकडची कार्डं तिथल्याच मुक्कामात पाडलेली, आणि सगळा पावसाळा तिथल्याच एका कपाटात काढलेली. महाबळेश्वरच्या पावसात लोखंड गंजतं, तिथं पुठ्ठ्याची काय कथा. कार्डं फुगून वाकडी झाली होती; पहिल्या खेपेला कशीबशी आत गेली, पण त्या ओढाताणीत कडा दुमडल्या, आणि आता यंत्रात नक्की अडकली असती. लालासाहेबानं ती कचेरीच्या गच्चीवर धोतरावर पसरली, पापड वाळवावेत तशी. मग फळ्यांमध्ये दाबून वर घरचं जातं आणून ठेवलं. कावळे हाकायला तो स्वतः छत्री घेऊन बसला. एम.एस्सी.च्या अभ्यासात हे कुठं नव्हतं, असं अंजना पुढं हसून सांगायची.

निघायच्या आदल्या दिवशी पहिली कार्डं पाडायची होती. सांगलीचं लालासाहेबानं पाडलं. पहिल्या चार रकान्यांत श्री, पुढं अंजनानं लिहून दिलेली मांडणी. मग साताऱ्याचं कोरं कार्ड त्यानं पंचमध्ये घातलं, हात उचलला आणि तसाच थांबला. खुर्चीवरून उठला आणि तिला म्हणाला, बस.

"साताऱ्याचा गठ्ठा तुमच्याकडचा," तो म्हणाला. "ह्ये पैलं कार्ड तू पाड. चार रकाने तुझं. तुला काय लिवायचं ते लिव. मी इचारनार न्हाई."

अंजना बसली. तिच्या घरी कागदावर श्री लिहायची रीत नव्हती. नाथाजी पत्राच्या वर काय लिहीत ते तिला पाठ होतं. तिनं चार कळा दाबल्या आणि मग मांडणी पाडली. लालासाहेबानं विचारलं काहीच नाही, पण भोकं वाचायची नजर त्याला कुठं आवरणार? कार्ड उजेडाला धरून त्यानं वाचलं: BHIM.

"बरूबर चार," तो म्हणाला, आणि गठ्ठ्यावर ते कार्ड त्यानं स्वतः ठेवलं.

पुण्याला या वेळी दोघं गेले. लालासाहेब तिला एकटी सोडायला तयार नव्हता. खरं तर त्याला तो हसणारा ऑपरेटर बघायचा होता. कऱ्हाड, सातारा, खंबाटकीचा घाट, सगळीकडं पेटी त्याच्याच मांडीवर. केंद्राच्या दारात चपला काढायला सांगितल्यावर तो खूश झाला. इथल्या माणसांना निदान एवढी रीत आहे, म्हणाला. ऑपरेटरनं पहिली दोन कार्डं उजेडाला धरून पाहिली आणि विचारलं, या चार रकान्यांत काय आहे, याचा तर हुकमांत काही उपयोगच नाही. अंजना काही बोलायच्या आत लालासाहेबानं उत्तर दिलं: "ते घरचं हाय. तुमी पाचव्यापास्नं बगा."

यंत्रानं सांगलीचं पहिलं कार्ड खाल्लं आणि थांबलं नाही. श्री वाचून सोडून दिलं, पाचव्या रकान्यापासून मांडणी घेतली आणि मागची कार्डं सपासप ओढायला लागलं. लालासाहेबानं अंजनाच्या खांद्याकडं बघितलं; खांदे अजून ताठ होते. सांगली संपली. साताऱ्याचं पहिलं कार्ड आत गेलं. भीम वाचून सोडलं, मांडणी बदलून घेतली, आणि त्याच वेगानं सातारा वाचायला सुरुवात केली. महाबळेश्वरची वाळवलेली कार्डं आली तेव्हा लालासाहेब पुटपुटला, "जा रं, जा रं." ती गेली. एकही अडकलं नाही.

मग छपाईचं यंत्र खडखडायला लागलं. लांबच लांब कागद घडीवर घडी पडत बाहेर आला, आणि दोघांनी तो जमिनीवर पसरून बसूनच वाचायला घेतला. महाबळेश्वर खाली गेलं होतं, जिथं असायला हवं तिथं, पाण्यात. जत वर आलं होतं, तहानलेलं, आणि मावशीच्या गावाचे तिन्ही हंगाम शेजारी शेजारी पाहून तिथला आकडा लालासाहेबाला आता पटला. अंजनाचं बोट खटाव तालुक्यावर आलं. हिंगणवाडी दोनदा छापली होती. एकदा गावची विहीर, मधल्या कुठल्या तरी ओळीत. आणि एकदा वस्तीची, थेट वर, निकडीच्या विहिरींत.

अंजना रडली. लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. त्या कागदावर तिची आई तळाशी बसलेली तिला दिसत होती, आणि आता ती तिला एकटीलाच दिसत नव्हती. साताऱ्याच्या वर आलेल्या विहिरींमध्ये कितीतरी वस्त्यांच्या होत्या, ज्या, आप्पासोंच्या मार्गानं गेलं असतं तर, कुणाच्या खिजगणतीतही आल्या नसत्या. लालासाहेब ऑपरेटरकडं वळला आणि मिशीवर हात फिरवून म्हणाला, "आता हसा की." ऑपरेटर हसला, पण निराळं, आणि त्यानं पहिल्या कार्डाची ती युक्ती आपल्यासाठी उतरवून घेतली.

समितीत एकानं शंका काढलीच. वस्तीची विहीर वेगळी कशाला धरायची, गावाला एक पुरे. आप्पासो उठले. हेच वाक्य काही दिवसांपूर्वी त्यांच्याच तोंडी होतं, पण माणूस शिकतो. ते म्हणाले, यंत्रानं वेगळी वाचली आहे, वेगळी मोजली आहे, आता यंत्रानं वाचलेलं मी कसं गाळू? यंत्राशी वाद घालायला समितीत कुणी तयार नव्हतं. कागद जसाच्या तसा मंजूर झाला.

वैशाखात हिंगणवाडीला सुरुंगवाले आले. खडक फोडला, गाळ उपसला, आणि झरा खरंच खालीच होता, लीलाबाई म्हणत होती तिथं. पाणी चढायला लागलं तशी वस्ती विहिरीवर जमली. अंजना रजा काढून आली होती. सोबत लालासाहेब होता. माझी कार्डं कुठं कामाला आली ते बघायचंय, म्हणाला. नाथाजींनी त्याला बघताच टाच जुळवून सलाम ठोकला, त्यानंही तसाच दिला, आणि दोघं जुने शिपाई कुठली पलटण, कुठलं साल, यात रमले. लीलाबाईनं लेकीला बाजूला घेऊन विचारलं, त्या पुण्याच्या यंत्राला माझी विहीर कशी कळली गं? अंजनानं सांगितलं, आम्ही त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की शेवटच्या रकान्यात बघ, तिथं आई आहे.

लीलाबाईनं पहिली घागर ओढली. या वेळी वरून, दोर नुसता हातांनी खेचून. तांब्या भरला, आणि पाहुण्याकडं बघून ती थबकली. पाटलाच्या घरचा माणूस. वस्तीवरचं पाणी त्याच्या पुढं करावं की करू नये? काठावरची माणसं त्याच्याकडं बघायला लागली.

लालासाहेब पुढं आला. त्यानं लीलाबाईच्या हातातून तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही. तो अंजनाच्या हातात दिला.

"साताऱ्याचं पैलं कार्ड हिचं हुतं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पैलं पाणी हिचं. दुसऱ्याला मी हाय."

अंजना प्यायली. मग लालासाहेबानं तोच तांब्या घेतला, विसळला नाही, आणि उरलेलं पाणी सगळं पिऊन लीलाबाईपुढं पुन्हा भरायला धरला.